वर्षाचं धान्य आणि शाम्पूची पुडी

होळी झाली की पुण्याच्या मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात गव्हाच्या थप्प्या चढायला लागतात. मध्य प्रदेशातून सिहोर येतो, लोकवन येतो, सोलापूर-बार्शीकडची मालदांडी ज्वारी येते. पेठांमधल्या वाण्यांच्या दारात 'नवीन गहू आला' अशा पाट्या लागतात आणि मार्च ते मे या काळात कितीतरी मराठी घरांत एकच बोलणं चालतं, यंदा वर्षाचं भरायचं का? थोरांचं मत ठरलेलं असतं, एकदम घेतलं की स्वस्तच पडतं. धाकट्यांना फ्लॅटमध्ये कोठी कुठे ठेवायची तेच सुचत नसतं. हाच समज आपण सुपरमार्केटातही बरोबर नेतो. तिथे गव्हाच्या कट्ट्याऐवजी साबणाच्या पावडरीची चार किलोची पिशवी असते, पाच लिटरचा तेलाचा जार असतो, 'दोनवर एक मोफत' असतं.

हा समज कधी अगदी खरा ठरतो, कधी अर्धामुर्धा, आणि काही मालाच्या बाबतीत साफ उलटा. कुठे काय होतं ते समजण्यासाठी गिऱ्हाइकाच्या बाजूने विचार करण्याआधी दुकानदाराच्या बाजूने करायला हवा. तो मोठ्या खरेदीवर सूट का देतो?

पन्नास किलोचा कट्टा तसाच उचलून नेणारं एक गिऱ्हाईक आणि दोन-दोन किलो नेणारी पंचवीस गिऱ्हाइकं यांच्यात दुकानदाराला मोठा फरक पडतो. पंचवीस जणांसाठी कट्टा फोडायचा, पंचवीस वेळा तोलायचं, तेवढ्या पिशव्या, तेवढे हिशेब. मापात प्रत्येक वेळी चार दाणे जास्त जातात, थोडं सांडतं. शिवाय तो कट्टा दुकानात आठ-पंधरा दिवस बसून राहतो. तेवढे दिवस त्यात दुकानदाराचं भांडवल अडकतं, जागेचं भाडं चढतं, उंदीर आणि किडा यांची भीती राहते, भाव पडला तर नुकसानही त्याचंच. सुट्या गव्हाच्या किलोमागच्या भावात या सगळ्याचा वाटा असतो. अख्खा कट्टा नेणारं गिऱ्हाईक ही सगळी कामं स्वतःच्या घरी नेतं. त्याला मिळणारी सूट ही त्या कामांची मजुरी आहे.

म्हणून वर्षाचं धान्य भरणारं घर हे त्या वर्षापुरतं एक छोटं किराणा दुकान असतं. गोदाम आपलं, भांडवल आपलं, राखण आपली, जोखीम आपली. ही चारही कामं आपल्याला दुकानदारापेक्षा स्वस्तात जमत असतील तर पैसे खरोखर वाचतात. माळ्यावर कोरडी जागा आहे, बँकेत पैसे पडून आहेत, धान्याला ऊन देणारं आणि निवडणारं कुणी घरात आहे, अशा घराला ती जमतात. दोन खोल्यांत राहणाऱ्या, पगार पंचवीस तारखेपर्यंत पुरवणाऱ्या घराला जमत नाहीत. एकाच कट्ट्याचा एकाला फायदा आणि शेजाऱ्याला तोटा होतो तो यामुळे.

आकडे मांडून पाहू. भाव मी सोयीसाठी धरले आहेत, वाचकाने आपल्या गावचे घालावेत. एका कुटुंबाला वर्षाला १२० किलो गहू लागतो. एप्रिलमध्ये तो ३८ रुपये किलोने मिळतो आणि महिन्याच्या महिन्याला आणला तर वर्षाची सरासरी ४३ रुपये पडते. एकदम घेतला तर ४,५६० रुपये, सुटा घेतला तर ५,१६०. वरवर ६०० रुपये वाचले. पण ४,५६० रुपये एप्रिलमध्येच बाहेर गेले. गहू दर महिन्याला थोडा थोडा संपतो, म्हणजे सरासरीने निम्मी रक्कम वर्षभर अडकलेली राहते. मुदतठेवीवर ७ टक्के व्याज धरलं तर सुमारे १६० रुपये बुडाले. किडीत, चाळण्यात, निवडण्यात ५ टक्के गहू गेला तर आणखी २२८ रुपये. हातात उरले २१२ रुपये, आणि त्यातून अजून हमाली, रिक्षा, कोठी वजा करायची आहे.

या हिशेबात सर्वांत नाजूक आकडा किडीचा आहे. नासाडी ५ टक्क्यांऐवजी १५ टक्के झाली तर नुकसान ६८४ रुपये होतं आणि सगळी खरेदीच तोट्यात जाते. उलट भावातला फरक ५ रुपयांऐवजी १० रुपये असेल, तर ५ टक्के नासाडी धरूनही ८१२ रुपये उरतात. व्याजाचा आकडाही पैसे कुठून आणले यावर हलतो. क्रेडिट कार्डाची थकबाकी वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास व्याज खाते. त्या पैशाने वर्षभराचं भरलं आणि थकबाकी वर्षभर हळूहळू फेडली, तर खरेदीच्या जवळजवळ २० टक्के रक्कम नुसत्या व्याजात जाते. गव्हात इतकी सूट कुणी देत नाही.

मग पिढ्यान्‌पिढ्या लोक वर्षाचं भरत आले ते चुकीचं होतं का? मुळीच नाही. त्यांच्या खरेदीचा आधार मोठं माप हा नव्हता, हंगाम हा होता. शेतमाल वर्षातून एकदा निघतो आणि बारा महिने खाल्ला जातो. काढणीच्या वेळी बाजारात आवक मुबलक असते, शेतकऱ्याला रोख पैसा हवा असतो, भाव उतरतो. पुढे जसजसे महिने जातात तसतसा साठवणुकीचा खर्च भावात चढतो. म्हणून कोणती वस्तू कधी घ्यायची याचं एक पक्कं वेळापत्रक आपल्याकडे होतं. गहू आणि ज्वारी उन्हाळ्यात, तुरीची डाळ नवी तूर आल्यावर, मिरची आणि हळद मार्च-एप्रिलमध्ये, भात दिवाळीच्या सुमारास. तांदळाला तर साठवण्याचं जास्तीचं बक्षीस मिळतं. जुना तांदूळ मोकळा शिजतो, म्हणून तो नव्यापेक्षा महाग विकला जातो. नवा कोलम घेऊन घरी वर्षभर जुना केला तर तो फरक आपल्या पदरात पडतो. किराण्यात वेळ जाण्याने वाढणारी किंमत फार थोड्या वस्तूंना मिळते, आणि तांदूळ त्यांतला एक आहे.

हंगामाचा हा नियम दरवर्षी पाळला जाईल याची हमी मात्र कुणी देत नाही. २०२२ च्या मार्चमध्ये उत्तर भारतात कडक उष्णतेची लाट आली, गव्हाचा दाणा बारीक राहिला, आणि १३ मे २०२२ ला केंद्र सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. तरीही भाव जानेवारी २०२३ पर्यंत चढतच गेला. शेवटी सरकारने आपल्या साठ्यातला ३० लाख टन गहू खुल्या बाजारात विकण्याचा निर्णय घेतला तेव्हा तो उतरला. ज्यांनी २०२२ च्या एप्रिलमध्ये कोठ्या भरल्या त्यांना त्या वर्षी चांगला फायदा झाला. तुरीचा अनुभव याच्या उलट. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली. आणखी वाढेल या भीतीने त्या भावाला डाळ साठवणं त्या घडीला शहाणपणाचं वाटावं अशीच परिस्थिती होती. पण चढा भाव पाहून शेतकऱ्यांनी पुढच्या खरिपात तूर मोठ्या प्रमाणावर पेरली, पाऊस चांगला झाला, आणि २०१६-१७ मध्ये देशातलं उत्पादन आधीच्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट झालं. २०१७ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या बाजारसमित्यांत तुरीचा भाव क्विंटलला ५,०५० रुपये या हमीभावाच्याही खाली गेला आणि खरेदी केंद्रांपुढे शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या. या दोन वर्षांवरून मी एवढंच काढतो की काढणीनंतरच्या स्वस्ताईत साठवणं हा हिशेब असतो, तर टंचाईच्या भीतीने चढत्या भावात साठवणं ही सट्टेबाजी होते, आणि ती करण्याइतकी माहिती घरी बसलेल्या आपल्याकडे नसते.

कांदा हा आणखी वेगळा. मार्च ते मेमध्ये निघणारा उन्हाळी कांदा टिकतो, खरिपाचा लाल कांदा टिकत नाही. नाशिक जिल्ह्यात शेतकरी उन्हाळी कांदा हवेशीर चाळीत ठेवून पावसाळाभर विकतात, आणि चाळ चांगली असूनही त्यांचा बराच कांदा वजनात घटतो, सडतो किंवा त्याला कोंब फुटतात. आता घराचं पाहू. मेमध्ये २० रुपये किलोने ३० किलो कांदा घेतला आणि त्यातला ३० टक्के गेला, तर उरलेला कांदा २८ रुपये ५७ पैशांना पडला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भाव त्याच्या वर असेल तरच जमलं. २०१९ च्या डिसेंबरमध्ये मुंबईत कांद्याने शंभरी ओलांडली होती हे खरं, पण मेमध्ये घेतलेला घरातला कांदा डिसेंबरपर्यंत क्वचितच पुरतो.

किडीविषयी जरा सविस्तर सांगायला हवं, कारण वरचा सगळा हिशेब तिथेच बनतो किंवा बिघडतो. तांदूळ-गव्हातला सोंडा धान्यात बाहेरून 'पडतो' असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा तो धान्याबरोबरच घरी आलेला असतो. मादी सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवते. अळी दाण्याच्या आतच वाढते, आतूनच खाते आणि उबदार हवेत साधारण महिनाभरात भुंगा होऊन बाहेर पडते. त्यामुळे दुकानात हातावर घेतलेला स्वच्छ, टपोरा दाणा आतून वसलेला असू शकतो. मे महिन्यात भरलेल्या कोठीत जुलैमध्ये किडे दिसतात ते याच पिढीचे. पावसाळ्याची दमट हवा त्यांना मानवते. दाण्यातली ओल १२ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली असेल तर त्यांची वाढ मंदावते, आणि धान्याला कडक ऊन देण्याची जुनी पद्धत नेमकं हेच करते. ऊन दिल्यावर धान्य पूर्ण गार होऊ द्यायचं आणि मग भरायचं. गरम धान्य कोठीत कोंडलं तर आत वाफ धरते आणि सुकवण्याची मेहनत वाया जाते.

कडधान्यांचा भुंगा वेगळा. तो अख्ख्या मुगा-मटकीवर, हरभऱ्यावर, चवळीवर अंडी घालतो. पण दाणा भरडून त्याची डाळ केली की त्याचं फारसं चालत नाही. म्हणून साठवायचीच असेल तर अख्ख्या तुरीपेक्षा डाळ बरी, आणि तिला एरंडेलाचा हात लावायची आपल्या घरांतली रीतही चांगली. कोठी काठोकाठ भरून झाकण घट्ट बसवण्यामागेही शास्त्र आहे. धान्य आणि किडे दोघंही प्राणवायू वापरतात, आत नवी हवा येत नसेल तर किडे गुदमरून मरतात. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत खोल खणलेल्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षं टिकायची ती या तत्त्वावर. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅमेरूनमधल्या चवळीसाठी तीन पदरी हवाबंद पिशव्या तयार केल्या त्याही याच तत्त्वावर, आणि आज त्या अनेक देशांतले छोटे शेतकरी वापरतात.

एक गोष्ट इथे कळकळीने सांगतो. गोदामात धान्याला धुरी देण्यासाठी वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या काही जण ओळखीतून मिळवून घरच्या कोठीत टाकतात. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू बंद खोलीत माणसाचा जीव घेतो, आणि अशा घटना आपल्या शहरांत घडल्या आहेत. पाऱ्याच्या गोळ्या टाकण्याची जुनी सवयही सोडून द्यावी, पारा विषारी आहे. कडुनिंबाचा पाला, ऊन आणि घट्ट झाकण एवढ्यावर धान्य राहत नसेल तर कमी धान्य घ्यावं.

काही वस्तू किडा लागला नाही तरी नुसत्या वेळाने बिघडतात. गव्हाच्या अंकुरात तेल असतं, म्हणून दळलेली कणीक महिन्याभराने खवट व्हायला लागते, तोच गहू दाणा म्हणून वर्ष काढतो. शेंगदाणे आणि सुकं खोबरं यांचंही तसंच. अख्खी मिरची आणि अख्खे धणे टिकतात, कुटल्यावर त्यांचा वास उडू लागतो. साखर, मीठ, साबण यांना राखण जवळजवळ लागत नाही, आणि नेमक्या याच वस्तू आपण महिन्याच्या महिन्याला आणत असतो.

आता सुट्या मालाकडून पाकिटबंद मालाकडे वळू. इथे हंगाम नाही. साबणाची पावडर मेमध्ये आणि डिसेंबरमध्ये सारखीच निघते. कोणत्या आकाराच्या पाकिटाला काय किंमत लावायची हे कंपनी ठरवते, आणि ती ठरवताना कोण काय घेतो आणि कुणाला किती किंमत टोचते हे पाहते. त्यामुळे मोठं पाकीट स्वस्त असलंच पाहिजे असा नियम इथे उरत नाही. १९८३ मध्ये तामिळनाडूतल्या कडलूर इथे सी. के. रंगनाथन यांनी 'चिक' शाम्पू पुडीतून विकायला सुरुवात केली. शाम्पूची पुडी ही कल्पना त्यांचे वडील चिन्नी कृष्णन यांची. बाटली परवडत नाही अशा घरांत शाम्पू पोचला तो या पुडीतून, आणि मग मोठ्या कंपन्यांनाही त्याच रस्त्याने जावं लागलं. भारतातला निम्म्याहून जास्त शाम्पू आज पुड्यांतून विकला जातो. त्यामुळे सगळी चुरस पुडीवर आहे. पुडीची किंमत एक, दोन, तीन रुपये अशी बांधलेली असते आणि ती वाढवली की गिऱ्हाईक शेजारची पुडी उचलतं. बाटली घेणाऱ्याला सोय हवी असते, तो दोन-पाच रुपयांसाठी ब्रँड बदलत नाही. परिणाम असा की त्याच कंपनीचा तोच शाम्पू मिलिलिटरमागे पुडीत स्वस्त आणि बाटलीत महाग, असं आपल्या दुकानांत अनेकदा दिसतं. पाच-दहा रुपयांच्या बिस्किटपुड्यांचंही काही वेळा असंच होतं, त्यांची किंमत न वाढवता वजन कमी-जास्त केलं जातं. पुडीचं अनेक पदरी प्लास्टिक पुन्हा वापरता येत नाही आणि गटारात जाऊन अडकतं, तो खर्च पुडीवर छापलेला नसतो. तो गावाच्या वाट्याला येतो.

मोठं पाकीट महाग पडण्याचा हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत किराणा मालात तो १९७० च्या दशकापासून मोजला गेला आहे. 'फॅमिली पॅक' दिसला की आपण भाव पाहायचं थांबतो, हे विकणाऱ्याला ठाऊक असतं.

यावर उपाय म्हणून आपल्याकडे २०२२ पासून एक चांगला नियम लागू झाला. पाकिटावर कमाल किरकोळ किमतीबरोबर एका ग्रॅमचा, किलोचा, मिलिलिटरचा किंवा लिटरचा दर छापायचा. हा आकडा फार थोडे लोक वाचतात, आणि वाचायला गेलं तर त्यात एक अडचण आहे. एक किलोपेक्षा लहान पाकिटावर दर ग्रॅममागे छापायचा असतो, मोठ्यावर किलोमागे. अर्ध्या किलोच्या पाकिटावर '०.०५ रुपये प्रति ग्रॅम' आणि पाच किलोच्या पिशवीवर '४८ रुपये प्रति किलो' असं असेल, तर तुलना करण्यासाठी पहिल्या आकड्याला हजाराने गुणायला हवं. ५० रुपये किलो झाले, म्हणजे मोठी पिशवी स्वस्त, असं वाटेल. पण दर दोन दशांशांपर्यंतच छापतात. ०.०५ हा आकडा किलोला ४५ पासून जवळजवळ ५५ रुपयांपर्यंतच्या कोणत्याही भावासाठी छापला जाऊ शकतो. स्वस्त वस्तूंच्या बाबतीत, म्हणजे पीठ, मीठ, साखर यांत, लहान पाकिटावरचा हा दर जवळजवळ निरुपयोगी ठरतो. शिवाय १० ग्रॅम किंवा १० मिलिलिटरपर्यंतच्या पाकिटांना या नियमांतून सूट आहे, म्हणजे शाम्पूची पुडी बहुधा सुटलीच. सगळ्या आकारांवर दर किलोमागे किंवा लिटरमागेच छापायला लावला तर हा नियम खरंच उपयोगी पडेल, आणि ग्राहक संघटनांनी ती मागणी धरून लावण्यासारखी आहे. त्याच सुमारास ठरावीक वजनांतच पाकिटं विकण्याचं बंधनही निघालं. म्हणून आता तेलाची लिटरच्या पिशवीसारखी दिसणारी पिशवी ८०० किंवा ८५० ग्रॅमची निघते, तर एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. मोबाइलवर किंमत भागिले वजन करायला दहा सेकंद लागतात, आणि सध्या तोच खात्रीचा मार्ग आहे.

मोठ्या पिशवीला सरळ फायदा देणारी एक गोष्ट करात आहे. १८ जुलै २०२२ पासून पाकिटबंद आणि लेबल लावलेल्या धान्य, डाळी, पिठांवर ५ टक्के जीएसटी लागू झाला, पण तो २५ किलोपर्यंतच्या पाकिटांना. त्याहून मोठं पोतं आणि सुटं धान्य करमुक्त राहिलं. मग बाजारात २६ आणि ३० किलोची तांदळाची पोती दिसू लागली. अशा पोत्यात कर वाचतो हे खरं, पण शेजारच्या वाण्याकडचा सुटा तांदूळही करमुक्तच असतो.

भावाचं झालं, आता वापराचं पाहू. घरात जास्त असलं की जास्त लागतं, हे प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. कुसुम ऐलावाडी आणि स्कॉट नेस्लिन या अमेरिकेतल्या अभ्यासकांनी १९९८ मध्ये हे आकड्यांनी दाखवलं. सवलतीमुळे घरात साठा वाढला की लोक दही नेहमीपेक्षा बरंच जास्त खातात, केचप मात्र तेवढं वाढत नाही. आपल्या घरातही हीच विभागणी करता येते. फरसाण, बिस्किटं, सरबतं, काजू घरात भरपूर असले की लवकर संपतात, म्हणजे किलोमागे वाचलेले पैसे जास्तीच्या किलोत जातात. मीठ, हळद, भांड्यांचा साबण यांचा वापर फारसा हलत नाही. तेलाचं काय होतं ते प्रत्येकाने पाहावं. पंधरा किलोचा डबा घरात आला की तळणाचे बेत जास्त होतात, असं मला तरी कितीतरी घरांत दिसलं आहे.

आतापर्यंतचा सगळा विचार ज्याच्याकडे एकदम द्यायला पैसे आहेत अशा माणसाचा होता. ज्याच्याकडे नाहीत त्याचं काय, हा या विषयातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न आहे. रोजच्या मजुरीवर जगणारं कुटुंब संध्याकाळी पाव किलो तेल, अर्धा किलो तांदूळ, दहा रुपयांची चहापत्ती घेतं. किलोमागे ते नेहमी चढा भाव देतं. विजयेंद्र राव या अर्थतज्ज्ञांनी ग्रामीण कर्नाटकात हे मोजलं आणि २००० मध्ये मांडलं. गरीब घरं त्याच वस्तूला श्रीमंत घरांपेक्षा जास्त दर देतात, कारण थोडं थोडं घेतात. त्यामुळे उत्पन्नातली विषमता कागदावर दिसते त्याहून प्रत्यक्षात मोठी असते. येशिम ओरहून आणि माईक पालाझोलो यांनी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या घरांचा असाच अभ्यास छापला. त्यांनी मुद्दाम टॉयलेट पेपर निवडला, कारण तो सडत नाही आणि जास्त आहे म्हणून जास्त वापरला जात नाही. तरीही कमी उत्पन्नाची घरं मोठं पुडकं कमी वेळा घेत होती, आणि एकदम साठा करता येत नसल्याने सवलतीची वाटही पाहू शकत नव्हती. महिन्याच्या सुरुवातीला हातात पैसे असत तेव्हा मात्र तीच घरं मोठं पुडकं घेत. म्हणजे काटकसर त्यांना कळत होती, तिच्यासाठी लागणारं भांडवल त्यांच्याकडे नव्हतं. गरिबांना बचतीची सवय नाही असं सहज बोलणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर लक्षात घ्यावा.

भांडवल नसलेल्यांनी घाऊक भाव मिळवण्याचा एक मार्ग मात्र फार जुना आहे, एकत्र येऊन घेणं. २१ डिसेंबर १८४४ ला इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात गिरणीतल्या विणकरांनी आणि इतर कारागिरांनी थोडेथोडे पैसे जमवून पीठ, लोणी, साखर, ओट आणि मेणबत्त्या विकणारं स्वतःचं दुकान उघडलं, आणि नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात वाटला. मुंबईत १९४८ मध्ये नायगावात गिरणी कामगारांच्या वस्तीत सुरू झालेला 'अपना बाजार' याच घराण्यातला. १९७५ च्या गुढीपाडव्याला बिंदुमाधव जोशी, सुधीर फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानही काढून टाकलं. एका परिसरातली काही कुटुंबं मिळून संघ करायचा, महिन्याची यादी आणि पैसे आधी जमा करायचे, पंचायत सगळ्या संघांची मागणी एकत्र करून माल घाऊक घेणार, आणि तो संघातल्या एखाद्याच्या घरी उतरला की सदस्यांनीच वाटून घ्यायचा. भाव घाऊक खरेदीचा, पण घरात येणारं सामान एका महिन्याचं. भांडवल अडकत नाही, किडा लागत नाही, माळ्यावर कोठी लागत नाही. दुकानदाराची चार कामं एका घराने करण्याऐवजी अनेक घरांनी वाटून घेतली की हिशेब कसा बदलतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आज सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर हेच छोट्या प्रमाणात चालतं. कुणी थेट शेतकऱ्याकडून गहू मागवतो, कुणी इंद्रायणी तांदूळ, कुणी देवगडच्या आंब्याच्या पेट्या. यात गट मोडतात ते भावावरून क्वचित, बहुतेक वेळा बारीकसारीक गोष्टींवरून. क्विंटलभर गहू दहा घरांत वाटला की प्रत्येकाला बरोबर दहा किलो कधीच येत नाही. पोत्याचं वजन, खडे-कचरा, वाहतुकीत सांडलेलं मिळून थोडी घट येतेच. ती घट, टेम्पोचं भाडं आणि हमाली किलोच्या भावातच धरायची, ज्याच्या घरी माल उतरतो त्याच्या माथी टाकायची नाही, आणि कुणी आयत्या वेळी नाही म्हटलं तर त्याचा वाटा कोण घेणार हे पैसे जमा करतानाच ठरवायचं. ऑर्डर देण्याआधी एक किलो नमुना मागवून दहा घरांत दळून पोळ्या करून पाहाव्यात, कारण क्विंटलभर गहू परत घ्यायला कुणी येत नाही.